लहान विद्यापीठाने कोणत्या गटात खेळावे?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लोरेटो नावाचे छोटेसे गाव आहे. तेथील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ मार्च २०२५ मध्ये देशातील सर्वांत मानाच्या महाविद्यालयीन स्पर्धेत उतरला आणि अलाबामा स्टेट विद्यापीठाकडून ७०-६८ असा अवघ्या दोन गुणांनी हरला. त्यानंतर आठवडाभरातच विद्यापीठाने जाहीर केले, की २०२६-२७च्या हंगामापासून आपण पहिला गट सोडून थेट तिसऱ्या गटात खेळू. हार्टफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये हेच केले होते. तेथेही संघ प्रथमच त्या स्पर्धेत पोहोचला होता आणि दोनच महिन्यांत खालच्या गटाचा निर्णय झाला. शिखराला हात लागल्याबरोबर उतरणीची वाट का धरावी, असे कोणालाही वाटेल. माजी विद्यार्थ्यांना तसे वाटलेच, आणि त्यांनी ते मोठ्या आवाजात बोलूनही दाखवले.

या निर्णयामागचे गणित समजून घ्यायचे, तर तेथील रचना पाहावी लागते. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. तिची मुळे १९०६ पर्यंत जातात. मात्र सध्याचे तीन गट १९७३ मध्ये पडले. पहिल्या गटात खेळाडूंना खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, दूरचित्रवाणीचा पैसा येतो आणि प्रशिक्षकांचे पगार कुलगुरूंच्या पगारालाही मागे टाकतात. तिसऱ्या गटात खेळासाठी एक डॉलरचीही शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळाडू हा आधी विद्यार्थी, ही त्या गटाची भूमिका. दोहोंच्या मध्ये दुसरा गट. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठांना खेळाच्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. ज्यांच्याकडे मोठी मैदाने आणि दूरचित्रवाणीचे करार आहेत, त्यांना हे परवडते. लोरेटोच्या विद्यापीठाने त्या शर्यतीत कोणत्या बळावर धावावे?

गट बदलला म्हणजे संस्था सावरतेच, असेही नाही. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न महाविद्यालयाने २००६ मध्ये पहिला गट सोडून तिसरा स्वीकारला. पुढे अठरा वर्षांनी, ३१ मे २०२४ रोजी, आर्थिक ओढाताणीपायी ते महाविद्यालयच बंद पडले. त्याच दिवसांत त्याचा बेसबॉल संघ तिसऱ्या गटाच्या राष्ट्रीय अंतिम फेरीत खेळत होता. महाविद्यालय अस्तित्वात नाही आणि त्याचा संघ मैदानावर आहे, असा विलक्षण प्रसंग त्या खेळाडूंवर आला. खालचा गट हा दिवाळखोरीवरचा उतारा नव्हे, एवढे त्यातून दिसते. त्याच वेळी हेही दिसते, की खालच्या गटातही खेळणाऱ्यांची जिद्द कमी नसते.

आपल्याकडे हा वाद होत नाही. त्याचे कारण आपण अधिक शहाणे आहोत हे नव्हे. आपल्याकडे उतरायला खालचा गटच नाही. येथे सगळे एकाच गटात असतात. त्याचा अर्थ काय होतो, हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावावरून चांगले कळते. (महाराष्ट्रात आष्ट्या अनेक आहेत. बीडची आहे, वर्ध्याची आहे, गडचिरोलीचीही आहे. येथे अभिप्रेत आहे ती जालन्याची.) या गावातील मुलगा किंवा मुलगी परतूर, जालना अथवा शेजारच्या माजलगावच्या महाविद्यालयात शिकत असेल, तर त्यांचे विद्यापीठ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे त्याचे चार जिल्हे. कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तालुक्याच्या महाविद्यालयाचा संघ आणि शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या शहरातील मोठ्या महाविद्यालयाचा संघ एकाच पायरीवर धरले जातात. एकाकडे गादी, व्यायामशाळा आणि पूर्णवेळ शारीरिक शिक्षण संचालक असतो. दुसरीकडे हे पद अनेकदा रिक्त असते आणि सरावाचे मैदान पावसाळ्यात काळ्या चिखलाचे होते.

थोडे विषयांतर. परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा तो इकडे आला. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्हा त्याच्याकडे गेला. म्हणजे जिल्ह्याची ती रेघ सरकली नसती, तर आष्टीचा खेळाडू आज नांदेडच्या विद्यापीठाकडून खेळला असता. कोणता खेळाडू कोणत्या विद्यापीठाचा, हे आपल्याकडे महसुली नकाशा ठरवतो. अमेरिकेत विद्यार्थी विद्यापीठ निवडतो, विद्यापीठ गट निवडते. येथे दोघांनाही फारशी निवड नसते. तिथले गट जसेच्या तसे उचलून आणता येणार नाहीत, ते यामुळे.

आता बाद पद्धतीचे गणित पाहू. समजा, ६४ महाविद्यालयांचे संघ एका बाद फेरीच्या स्पर्धेत उतरले. एकूण सामने होतात ६३. त्यांतले ३२ संघ, म्हणजे बरोबर निम्मे, एकच सामना खेळून घरी परततात. आणखी १६ संघांच्या वाट्याला दोन सामने येतात. वर्षभर पहाटे उठून सराव करायचा आणि चाळीस मिनिटांत हंगाम संपवायचा. विभागवार फेऱ्यांमुळे आकडे थोडे बदलतात, चित्र मात्र तेच राहते. पहिल्याच सामन्यात बलाढ्य शहरी संघ समोर आला, तर त्या चाळीस मिनिटांतून शिकण्यासारखेही फार उरत नाही. खेळाडू घडतो तो बरोबरीच्या, अटीतटीच्या सामन्यांतून. पन्नास गुणांनी हरण्यातून नव्हे.

विद्यापीठांच्या पातळीवरही हीच गोष्ट घडते. भारतीय विद्यापीठ संघाच्या सांघिक स्पर्धा आधी विभागवार होतात. पश्चिम विभागात महाराष्ट्रासह गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठे येतात. आधी बाद फेऱ्या, मग उरलेल्या चार संघांची साखळी आणि त्या चौघांना अखिल भारतीय स्पर्धेचे दार, अशी साधारण पद्धत आहे. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत सांघिक खेळांसाठी प्रवेश मिळतो तोही अखिल भारतीय स्पर्धेतील पहिल्या आठ संघांनाच. त्या पहिल्या वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ पदकतालिकेत दुसरे आले, ही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट. पण २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गडचिरोली व चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी निघालेले गोंडवाना विद्यापीठ, किंवा २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेले सोलापूरचे विद्यापीठ, यांनी पुण्या-मुंबईच्या संघांशी कोणत्या पायावर बरोबरी करावी? खेळाडू निवडायचे ते मोजक्या महाविद्यालयांतून, प्रवास करायचा दोन दोन दिवसांचा आणि खेळायचा बहुधा एक सामना.

त्यात आता खासगी विद्यापीठांची भर पडली आहे. सर्वोत्तम क्रीडा कामगिरीसाठी दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो आणि दीर्घकाळ त्यावर पंजाबातील सरकारी विद्यापीठांचे वर्चस्व होते. २०२४ चा करंडक मात्र चंदीगड विद्यापीठ या खासगी संस्थेने पटकावला. देशभरातून हेरलेले खेळाडू, शिष्यवृत्ती, वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षक अशी व्यवस्था तेथे उभी आहे. म्हणजे नाव न घेता आपल्याकडेही पहिला गट तयार झालाच आहे. फरक इतकाच, की बाकीच्यांसाठी दुसरा गट कोणी आखलेला नाही.

तो आखावा का? विरोधातील मुद्दे हलके नाहीत. पहिला मुद्दा प्रतिष्ठेचा. मागास म्हणून आधीच शिक्का बसलेल्या भागावर 'खालचा गट' हा आणखी एक शिक्का कशाला, असे मराठवाड्यात किंवा गडचिरोलीत कोणी विचारले, तर ते समजण्यासारखे आहे. दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतील प्रावीण्याचे प्रमाणपत्र लागते. खालच्या गटातील पदकाला ती किंमत मिळाली नाही, तर ग्रामीण खेळाडूच्या हातून खेळही जाईल आणि नोकरीही. तिसरी भीती पैशांची. एकदा 'तुमचा गट खालचा' असे म्हटले, की प्रवासभत्ता, गणवेश आणि सराव शिबिराचे दिवस कापायला कार्यालयाला निमित्तच मिळते. सरकारी कारभाराचा अनुभव असलेला माणूस या भीतीला खोटी म्हणणार नाही.

तरीही खालच्या गटातून वर येता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि त्यात जालन्याचा वाटाही आहे. रणजी करंडक स्पर्धेत २०१३-१४ च्या हंगामात २७ संघ तीन गटांत विभागले होते. महाराष्ट्राचा संघ होता सर्वांत खालच्या, 'क' गटात. वरच्या दोन गटांतून प्रत्येकी तीन संघ उपउपांत्य फेरीत जाणार होते, तर 'क' गटातून दोन. कमी, पण दार उघडे होते. त्या दारातून आत शिरून महाराष्ट्राने वानखेडे मैदानावर मुंबईला नमवले, उपांत्य फेरीत बंगालला हरवले आणि हैदराबादला कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना खेळला. विजेतेपद हुकले, पण केदार जाधवने त्या हंगामात १२२३ धावा केल्या. त्याच हंगामात जालन्याच्या विजय झोलने त्रिपुराविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणातच द्विशतक ठोकले. बरोबरीच्या संघांविरुद्ध एकामागून एक चार दिवसांचे सामने मिळाले, म्हणून त्या संघाची घडी बसली, असे मानायला जागा आहे. 'क' गटात होतो म्हणून त्या अंतिम फेरीची लाज वाटल्याचे कोणाला आठवत नाही.

यातून गट कसे पाडावेत, याची दिशा मिळते. पहिली गोष्ट, गट विद्यापीठाचा नसावा, खेळाचा असावा. अमेरिकेत साधारणपणे संपूर्ण संस्था एका गटात असते. तो शिरस्ता आपल्याला लागू पडत नाही. धाराशिव हे खो-खोचे माहेरघर. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे तिथलीच. ज्या विद्यापीठात हा जिल्हा येतो, त्याला खो-खोत खाली ढकलणे हास्यास्पद ठरेल. जलतरणात किंवा टेनिसमध्ये मात्र त्याला दुसऱ्या गटात खेळण्यात काहीच कमीपणा नाही. दुसरी गोष्ट, वर जाण्याचा रस्ता त्याच हंगामात खुला हवा. पुढच्या वर्षी बढती देऊ म्हटले, की तीन वर्षांच्या पदवीतले एक वर्ष गेलेले असते आणि जिंकणारा संघ पांगलेला असतो. तिसरी, प्रमाणपत्राची किंमत शासन निर्णयातच लिहून ठेवावी, आणि ती गट सुरू होण्याआधी.

राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने होणारा 'अश्वमेध' हा राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव या प्रयोगाची सोयीची जागा आहे. सगळी विद्यापीठे राज्यातलीच, प्रवास आटोक्यातला आणि कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलसारखे खेळ सर्वांच्या परिचयाचे.

आष्टीजवळून विद्यापीठीय पातळीवर न पोहोचता थेट जगाच्या मैदानावर गेलेला खेळाडू कोण, असा प्रश्न निघाला, की लोक अविनाश साबळेचे नाव घेतात. तो आष्टी तालुक्याचाच, पण बीडच्या. त्याचे गाव मांडवा. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि धावण्याचे खरे शिक्षण त्याला तेथे मिळाले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले, तर २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. सैन्याने त्याला वर्षभर सराव आणि स्पर्धा दिल्या. जे सैन्यात जात नाहीत, महाविद्यालयातच राहतात, त्यांच्या वाट्याला वर्षाकाठी किती स्पर्धा येतात, हे मोजायला हवे.

मोजणी अवघड नाही. आठ संघांचा एक गट केला, तर साखळीचे २८ सामने होतात. रोज चार सामने एकाच मैदानावर घेतले, तर सात दिवसांत ते संपतात आणि प्रत्येक संघ सात सामने खेळतो. जेथे आज एक सामना मिळतो, तेथे सात. सात दिवसांच्या मुक्कामाचा खर्च अर्थातच एका दिवसाहून जास्त येईल, हजेरीचा प्रश्नही निघेल आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशी मेळ घालावा लागेल. महाविद्यालये प्रत्येक विद्यार्थ्याकडून दरवर्षी क्रीडाशुल्क घेतात आणि त्यातला वाटा विद्यापीठाकडे जातो. तालुक्याच्या महाविद्यालयातून गेलेला हा पैसा सामन्यांच्या रूपाने किती प्रमाणात तालुक्याकडे परततो, याचा हिशेब कोणत्याही विद्यापीठाच्या अधिसभेत सदस्याला मागता येतो.