घरची भाषा आणि शाळेतील इंग्रजी



धार आणि देवास येथील मराठी घरांतील मूल पुष्कळदा एकाच दिवसात चार भाषांतून वावरते. आजीशी मराठी, अंगणात माळवी, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी. हे ओझे हलके करावे म्हणून काही पालक प्रथम मराठीच खाली ठेवतात. हा उपाय मला घातक वाटतो.

अठराव्या शतकात पवारांसमवेत मराठी येथे आली व दरबारच्या आश्रयाने नांदली. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि तो आश्रय सरला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३५०क हे कलम आणले. तथापि जेथे वर्गात मराठी नाही, तेथे मराठीची शाळा म्हणजे घरच होय.

घरच्या भाषेमुळे इंग्रजी मागे पडते, ही समजूत निराधार आहे. एका भाषेत कमावलेली समज दुसरीत उपयोगी पडते, हा विचार कॅनडात संशोधन करणाऱ्या जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. बेरजेतील ‘हातचा’ ज्याला मराठीत कळला, त्याला इंग्रजी वर्गात केवळ नवा शब्द शिकावयाचा असतो, कल्पना नव्हे. गोष्ट ऐकताना ‘म्हणून’ आणि ‘तरीसुद्धा’ यांतील भेद ज्याने जाणला, त्याच्या इंग्रजी वाक्यालाही कार्यकारणाचा कणा लाभतो. उलट, पालक अडखळत्या इंग्रजीत बोलू लागले, तर मुलाला ना समृद्ध इंग्रजी मिळते, ना आजीशी संवाद उरतो.

लिपीची अडचण तर नाहीच. हिंदी वाचणाऱ्या मुलाला मराठीसाठी मुख्यतः ‘ळ’ तेवढा नव्याने ओळखावा लागतो. मात्र अर्थांची सावधगिरी हवी. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड! असे शब्द मुलांसमवेत शोधावेत. भाषांची तुलना करण्याची हीच सवय इंग्रजीतही साह्य करते. रोज थोडा वेळ मराठी गोष्ट वाचावी आणि इंग्रजी धड्याचा आशय मुलाकडून मराठीत वदवून घ्यावा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. धार जिल्ह्याच्या पश्चिम भागात भिली बोलणाऱ्या अनेक बालकांना शाळेतील हिंदीही परकीच असते. आपल्या मराठीसाठी आपण जो न्याय मागतो, तोच त्या बालकाच्या भिलीला आपल्या वर्गात मिळतो काय? शिक्षकांनी त्याला प्रथम स्वतःच्या बोलीत विचार करू द्यावा, उत्तर देऊ द्यावे. घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून या, असे कोणत्याही मुलास सांगण्याचा अधिकार शाळेला नाही.