लॉबस्टर नाइट, गॅलीतून

क्रूझवर जाऊन आलेला माणूस बंदरांची नावं विसरतो, पण लॉबस्टर किती खाल्ले ते बरोबर सांगतो. सात रात्रींच्या सफरीत एक-दोन ‘फॉर्मल नाइट’ असतात. पुरुष कोट-टाय चढवून आणि बायका झगमगते गाऊन घालून मुख्य डायनिंग रूममध्ये येतात. त्यातल्या एका रात्री मेनूवर लॉबस्टर टेल असते. अमेरिकी पाहुण्याचे तिकिटाचे पैसे त्या रात्री वसूल होतात. मी त्या रात्री दाराच्या आतल्या बाजूला असायचो, गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, फिश स्टेशनवर. बोट मायामीहून सुटून कॅरिबियनमध्ये फिरायची. मी वेंगुर्ल्याचा, त्यामुळे कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं हे काही मला नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की एकच पदार्थ अर्ध्या तासात हजार-दीड हजार ताटांत गेला पाहिजे आणि शेवटचं ताट पहिल्यासारखंच दिसलं पाहिजे.

बोटीवर जिवंत लॉबस्टर पाहायला मिळेल या आशेवर कुणी राहू नये. येते ती नुसती शेपटी, कवचासकट गोठवलेली, खोक्यात ओळीने रचलेली. थंड पाण्यातला लॉबस्टर म्हणजे अमेरिकेच्या मेन राज्याकडचा आणि कॅनडाचा, मोठ्या नांग्यांचा. कॅरिबियनचा गरम पाण्यातला, त्याला नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. आपल्या किनाऱ्यावरची शेवंड ही याच दुसऱ्याची भावकी. थंड पाण्याची शेपटी महाग आणि मांसाला घट्ट. गरम पाण्याची चवीला कमी नसते, पण हाताळणीत जरा हयगय झाली की भुसभुशीत होते. बहामात १ एप्रिल ते ३१ जुलै हा लॉबस्टर पकडायला बंदीचा काळ, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै सगळ्याच यांत्रिक मासेमारीला बंदी. फ्रीझरला असली कुठलीच बंदी ठाऊक नसते, म्हणून मे महिन्यातही बहामाच्या धक्क्याला लागलेल्या बोटीवर लॉबस्टर नाइट ठरल्या वारी होते.

खरं काम दोन दिवस आधी सुरू होतं. सफर सुरू व्हायच्या दिवशी मायामीच्या धक्क्यावर पॅलेट उतरतात आणि प्रोव्हिजन मास्टर खोकी तपासतो. खोक्याचा पुठ्ठा ओला होऊन वाळल्याचे डाग असले किंवा आत बर्फाचा गोळा जमला असला, तर माल वाटेत विरघळून पुन्हा गोठलेला असतो. असं खोकं परत. बाकीचा माल उणे १८ अंशांच्या खोलीत. तिथून आदल्या दिवशी तो थॉ रूममध्ये येतो. ही खोली फक्त विरघळवण्यासाठी, तापमान ५ अंशांच्या आत. घाई असली तर गार वाहत्या पाण्याखाली धरता येतं, पण हजारो शेपट्यांना नळ कुठून आणणार? आणि खरं सांगायचं तर घाईने विरघळवलेली शेपटी कापतानाच कळते. मांस बोटाखाली दबतं आणि वर येत नाही.

कापायचं काम सकाळी. सहा-सात जण स्टीलच्या टेबलाभोवती, डाव्या हातात तारेच्या विणीचा हातमोजा, उजव्या हातात कात्री. माझ्या शेजारी एक इंडोनेशियन कमी असायचा. (कमी म्हणजे गॅलीतला सगळ्यात खालचा स्वयंपाकी.) त्याचा हात बघत राहावा असा होता. कात्रीचं खालचं पातं कवच आणि मांस यांच्या मधे सरकवायचा, पाठीच्या मध्यावरून शेवटच्या पंख्यापर्यंत एक सरळ काप. पंखा मात्र शाबूत, ताटात शोभा त्याचीच. मग दोन्ही अंगठ्यांनी कवच फाकवायचं, आतून बोट फिरवून मांस सोडवायचं आणि वर उचलून कवचाच्याच पाठीवर बसवायचं. शेपटाकडचं टोक चिकटलेलं ठेवायचं. पाठीवरचा काळा दोरा काढायचा. मांसावर आडवे दोन-तीन हलके काप, नाहीतर भट्टीत ते विंचवासारखं वळतं. नाक उघडं ठेवायचं, हे मात्र कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. चांगल्या शेपटीला समुद्राचा वास येतो. अमोनियाचा भपका आला की ती सरळ बाजूला, वहीत नोंद, विषय संपला.

दुपारनंतर ट्रे भरतात. लोणी, लसूण, पार्सली, लिंबू, वर पॅप्रिकाची भुकटी. पॅप्रिका रंगासाठी, चवीला तिचा काही उपयोग नाही. कवचाचा लाल रंग वेगळा, तो आतूनच येतो. कच्च्या कवचात अ‍ॅस्टाझँथिन नावाचं लाल-केशरी रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून कवच निळसर-तपकिरी दिसतं. उष्णतेने ते प्रथिन सुटतं आणि लाल रंग मोकळा होतो. कोळंबीचं, कुर्लीचंही असंच. घरी आई ‘लाल झाली, उतरव’ म्हणायची. गॅलीत रंग बघून उतरवलं तर शेफ हात धरतो. तिथे थर्मामीटरची सुई मांसाच्या जाड भागात खुपसायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, सुई अल्कोहोलच्या कापसाने पुसायची आणि पुढच्या ट्रेला लागायचं.

या आकड्यांची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण पाहुण्याच्या ताटातल्या चवीचा निकाल तिथेच लागतो. अमेरिकी बंदरात येणाऱ्या प्रवासी बोटींची तपासणी तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम करतो. गॅलीत त्याला सगळे जुन्या सवयीने ‘यूएसपीएच’ म्हणतात. तपासणीस न कळवता येतात, शंभरापैकी गुण देतात. ८६ किंवा वर मिळाले तर पास, ८५ला नापास, आणि निकाल सगळ्या जगाला वाचायला खुला. त्यांच्या नियमात थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, गरम पदार्थ ५७च्या खाली उतरू द्यायचा नाही. मासे आणि कवचवाले प्राणी शिजवताना आत ६३ अंश पोचलेच पाहिजेत. नियम चुकीचे नाहीत. समुद्रात तीन हजार माणसं एकदम आजारी पडली तर काय होतं, ते ज्याने पाहिलंय तो या आकड्यांवर हसत नाही.

पण लॉबस्टरचं मांस या नियमांच्या सोयीने बनलेलं नाही. ६३ला ते शिजलेलं आणि रसदार असतं. पासष्टीच्या पुढे त्यातली प्रथिनं आक्रसू लागतात, पाणी बाहेर टाकतात आणि मांस चिवट होतं. आता बघा, पहिल्या पंगतीची माणसं सहाला बसतात. सूप, सॅलड होऊन सगळ्यांची मुख्य डिश साधारण एकाच पंधरा-वीस मिनिटांत निघते. त्या वेळी एकेक ट्रे भट्टीतून काढत बसलो तर अर्धी डायनिंग रूम उपाशी राहील. म्हणून पहिल्या घाण्याच्या शेपट्या आधीच शिजवून गरम कपाटात ठेवतात. कपाट ५७च्या खाली जाऊ नये म्हणून आतली हवा बरीच जास्त तापलेली असते. शेपटी तिथे शिजतच राहते. दहा मिनिटं चालून जातात. पंचविसाव्या मिनिटाला तिचा रबर झालेला असतो, आणि नियमाच्या वहीत ती तरीही अगदी बिनचूक असते.

म्हणून पाहुणे ज्याला स्वयंपाक्याचा दोष म्हणतात तो बहुतेक वेळा वेळापत्रकाचा असतो. ठरलेल्या वेळेच्या दोन पंगती असल्या की हे होणारच. ‘एनी टाइम डायनिंग’ असतं, म्हणजे माणसं आपापल्या सवडीने येतात, तिथे ट्रे थोडे थोडे टाकता येतात आणि शेपटी भट्टीतून जवळजवळ थेट ताटात जाते. हौशी पाहुणे खिडकीजवळचं राखीव टेबल आणि ठरलेला वेटर मिळावा म्हणून पहिली पद्धत घेतात. चवीसाठी दुसरी बरी.

सव्वासहाला पास (गॅलीतून ताटं द्यायचा कट्टा) उघडला की गॅली बदलते. वेटरांची रांग, प्रत्येकाच्या खांद्यावर मोठा अंडाकृती ट्रे, त्यावर झाकणं घालून एकावर एक रचलेली दहा-बारा ताटं. भाताची मूद, ब्रोकोली, शेपटी, वाटीत वितळलेलं लोणी. एक हात मूद टाकतो, दुसरा शेपटी, तिसरा ताटाची कड फडक्याने पुसतो. मडगावचा एक वेटर रांग मोडून पुढे यायचा आणि माझ्याकडे बघून ओरडायचा, “शेफ, आनीक चार दी रे!” कोकणीत मागितलं की लवकर मिळतं अशी त्याची समजूत होती, आणि ती खोटी नव्हती. बाहेर टेबलाशी हाच वेटर चमचा आणि काट्याने एका झटक्यात मांस कवचातून उचलून पाहुण्याच्या ताटात ठेवतो. नवख्याच्या हातून ते शेजारच्या बाईंच्या मांडीवर जातं.

बाकीच्या रात्रींना एवढा थाट नसतो, पण कवचातलं रोजच काही ना काही असतं. श्रिंप कॉकटेल जवळजवळ कायम. कोळंबी उकडून गार केलेली, सोबत केचप, हॉर्सरॅडिश, लिंबू आणि टबॅस्कोचं सॉस. ही कोळंबी आकाराने मोजतात. खोक्यावर १६/२० लिहिलं म्हणजे एका पौंडाला सोळा ते वीस नग. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. अमेरिकेत जाणाऱ्या गोठवलेल्या कोळंबीचा फार मोठा हिस्सा भारताचा असतो, तोही मुख्यतः आंध्रच्या तळ्यांतल्या व्हॅनामेईचा. आमच्या फ्रीझरमध्येही ‘प्रॉडक्ट ऑफ इंडिया’ छापलेली खोकी यायची. गोदावरीकाठचा माल अमेरिकेला जाऊन बोटीवर चढायचा आणि आम्ही तो बहामासमोर सोलून मांडायचो. त्याचं कौतुक गॅलीत आम्हा चार भारतीयांनाच.

शिणाण्यांचंही तसंच. न्यूझीलंडची हिरव्या ओठांची शिणाणी अर्ध्या कवचात गोठवून येतात. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरची आपली हिरवी शिणाणी त्यांच्याच वंशातली. जिवंत कालवं किंवा शिणाणी घेतली तर पिशवीवरची चिठ्ठी नव्वद दिवस जपून ठेवावी लागते, कुणी आजारी पडलं तर माल कुठल्या खाडीतला ते शोधता यावं म्हणून. कालवं पाणी गाळून जगतात, पाण्यातला विषाणूही त्यांच्यात साठतो. त्यामुळे कच्ची कालवं मिळाली तर फक्त जादा पैशांच्या रेस्टॉरंटमध्ये, आणि मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात इशारा. तो इशारा वाचायचा असतो.

बिस्कबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. लॉबस्टर बिस्कचा प्राण म्हणजे कवचं भाजून काढलेला अर्क. बोटीवर कवचं जातात पाहुण्यांच्या ताटात, आणि ताटातून परत आलेलं काहीही वापरायला सक्त मनाई. म्हणून आमच्याकडे बिस्क डब्यातल्या बेसवर व्हायचं, वरून क्रीम आणि ब्रँडी. वाईट नसायचं. तळलेल्या मासळीच्या डोक्यांच्या कढीची सर मात्र त्याला नव्हती. ती कढी क्रू मेसमध्ये फिलिपिनो आणि आम्ही मिळून आमच्यापुरती करायचो.

परत आलेल्या कवचांचा ढीग हे त्या रात्रीचं शेवटचं काम. मऊ उष्टं पल्पर नावाच्या दळायच्या यंत्रातून जातं. कवचं, हाडं, लिंबाच्या फोडीवरची जाळी, टूथपिक सगळं हाताने वेगळं करावं लागतं, नाहीतर यंत्र अडतं. कॅरिबियनमध्ये दळलेलं उष्टंसुद्धा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत टाकता येत नाही. रात्री अकराला पॉट वॉशमधली मुलं गुडघाभर उंचीच्या पिंपात हात घालून लाल कवचं निवडत असतात, आणि वर डेकवर बँड वाजत असतो. या मुलांच्या वाट्याला ती शेपटी क्वचितच येते. आमच्या बोटीवर नाताळला यायची.

आता जे बोटीवर जाणार आहेत त्यांच्यासाठी. कुणाला कोळंबी-कुर्ल्यांची अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. तो आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवतो आणि तुमचं ताट वेगळ्या भांड्यात होतं. अ‍ॅलर्जी करणारं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन शिजवल्यानेही मरत नाही. बुफेवरचे फ्रेंच फ्राइज कुठल्या तेलात तळले ते विचाराच, बऱ्याचदा त्याच तेलात आधी कोळंबी तळलेली असते. अ‍ॅलर्जी नसेल तर श्रिंप कॉकटेल आणि रश्शातली शिणाणी बिनधास्त मागवा. एक गारच वाढतात, दुसरी रश्श्यात असतात, त्यामुळे दोन्हींना गरम कपाटाचा त्रास नाही. लॉबस्टरची दुसरी शेपटी हवी असेल तर पहिलीबरोबर मागवू नका, पहिली संपल्यावर मागा, तोवर गॅलीत नवा ट्रे निघालेला असतो. काही कंपन्या हल्ली दुसरीचे वेगळे पैसे लावतात, ते मात्र ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.