काळूबाईची यात्रा आणि पंचविसावे कलम

भोरहून अंबाडखिंडीचा घाट चढून गेले की मांढरदेवचा डोंगर लागतो. गाव सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यातले. पण भोर-वेल्ह्याकडचे भाविक काळूबाईला याच वाटेने जातात. २५ जानेवारी २००५ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागून गॅसच्या टाक्या फुटल्या. अडीचशेहून जास्त जीव गेले. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे यात्रेच्या तोंडावर मनाई आदेश निघू लागले: पशुहत्या करायची नाही, वाद्ये वाजवायची नाहीत, झाडांना खिळे ठोकून लिंबू आणि काळ्या बाहुल्या टांगायच्या नाहीत. धर्मनिरपेक्ष सरकारने देवीच्या दारात ही ढवळाढवळ का करावी, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे.

उत्तर घटनेच्या २५व्या कलमात आहे. तिथे धर्मस्वातंत्र्याच्या आधी अट येते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाध येता कामा नये. काळूबाईचे दर्शन, नवस, ओटी यांना कुणी हात लावलेला नाही. रोखली ती गर्दीत जिवावर बेतणारी किंवा दुसऱ्याला धाक घालणारी कृत्ये. न्यायालये मात्र अनेकदा वेगळ्या वाटेने जातात. अमुक प्रथा धर्मात अनिवार्य आहे का, हे ती ठरवू पाहतात. बकरी ईदला गाईचीच कुर्बानी देणे मुसलमानांना अनिवार्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५८मध्ये याच कसोटीवर दिला. मला ही कसोटी पटत नाही. न्यायाधीशाने पंडित किंवा मौलवी व्हायचे कारण नाही. कृत्याने कुणाला इजा होते का, एवढेच पाहावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३मध्ये झालेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा बराचसा असाच आहे. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन आणि मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्चमधले इजा न करणारे विधी त्याने स्पष्टपणे वगळले आहेत.

'मग बंधने हिंदूंच्याच जत्रांवर का?' या आक्षेपातला देवस्थानांच्या कारभाराबद्दलचा भाग खरा आहे. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा सर्वधर्मीयांसाठी केलेला, पण पंढरपूरसाठी १९७३चा वेगळा कायदा आहे आणि शिर्डीचा कारभारही वेगळ्या कायद्याने चालतो. रतिलाल गांधी खटल्यात १९५४ला सर्वोच्च न्यायालयाने याच १९५०च्या कायद्यातली, धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली होती. सरकारने हिशेब जरूर तपासावा, गाभाऱ्यात मात्र ठाण मांडू नये. बोकडाच्या बळीचेही तसेच. हजारोंच्या गर्दीत, अरुंद पायऱ्यांशी कापण्यावर बंदी योग्य. पण वेल्ह्यातल्या कुणी नियम पाळून आपल्या अंगणात देवीला नैवेद्य केला, तर त्यात सरकारचा संबंध नाही. म्हणून प्रशासनाने मनाई आदेशात बंदीबरोबर तिचे कारणही लिहावे, आणि तेच कारण ईदच्या कुर्बानीला, उरुसाला आणि गणपतीच्या मिरवणुकीलाही लावून दाखवावे.