स्टेरॉईडची गोळी : सुरू करताना आणि सोडताना



सकाळी उठल्यावर हाताची बोटे वळत नाहीत, म्हशीची धार काढायला बसावे तर मूठ आवळत नाही, भाकरी थापताना मनगटातून कळ जाते आणि तास-दीड तासाने ऊन वर आले की अंग जरा सैल पडते, अशी तक्रार तुमच्या घरात कुणाची आहे का? दोन्ही हातांची बोटे सारखीच सुजतात का? महिना-दीड महिन्याच्या वर हे चालले आहे का? असेल तर 'वात आहे, थंडीने होतो' म्हणून नुसते तेल चोळत बसू नका. हा आमवात असू शकेल. डॉक्टर त्याला रुमॅटॉईड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. आमवात ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी अधिक होतो. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच वासराला धरावे, तसे यात शरीराचे संरक्षण करणारे रक्तातले घटक आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात.

या रोगावर जी अनेक औषधे आहेत, त्यांतल्या एकाविषयी आज सांगायचे आहे. त्याचे नाव स्टेरॉईड. या औषधाबाबत आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक, जी ते नकळत वर्षानुवर्षे खात असतात; आणि दुसरी, जी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी 'स्टेरॉईड आहे' असे कळताच त्याच दिवशी उकिरड्यावर फेकतात. दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

हे औषध आले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिक नावाचे मोठे रुग्णालय आहे. तेथले डॉ. फिलिप हेंच यांच्या १९२९ साली ध्यानात आले की आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली तर सांधे दुखायचे थांबतात. पुढे गर्भारपणातही तसेच होते असे त्यांना दिसले. म्हणजे शरीरातच असे काही तयार होत असले पाहिजे, जे या रोगाला आवर घालते. त्याच ठिकाणी एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ गुरांच्या मूत्रपिंडावरील ग्रंथींतून निरनिराळी द्रव्ये वेगळी काढीत होते. त्यांतलेच एक द्रव्य, ज्याला पुढे कॉर्टिसोन म्हणू लागले, ते सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला टोचण्यात आले. काही दिवसांतच ती चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात जाऊन खरेदी करून आली. जगभर गाजावाजा झाला. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तोवर डॉक्टरांना दुसरी बाजूही दिसू लागली होती. औषध थांबवले की रोग पुन्हा उसळतो, आणि मोठ्या मात्रेत बराच काळ दिले तर अंगाची दुर्दशा होते. तेव्हापासून आजवर शहाण्या डॉक्टराचा प्रयत्न एवढाच असतो, की हे औषध कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस द्यावे.

पण आठवडी बाजारात, जत्रेत, किंवा कुणाच्या ओळखीने मिळणाऱ्या पुडीचे काय? 'जडीबुटी आहे, काही अपाय नाही' असे सांगून विकलेल्या बिननावाच्या पुड्यांत आणि काळ्या गोळ्यांत स्टेरॉईड मिसळलेले सापडल्याचे डॉक्टरांनी वारंवार नोंदवले आहे. सगळीच मुळी-पाल्याची औषधे अशी असतात असे नव्हे. पण खूण ध्यानात ठेवा. महिनोन् महिने न हटलेले दुखणे एका-दोन दिवसांत पळाले, भूक वाढली, चेहरा गोल आणि लालसर झाला, तर त्या पुडीवर संशय घ्या. गाव म्हणते, 'बाई सुधारली, अंग भरले.' नीट पाहा. तोंड आणि पोट भरले असेल, पण दंड-मांड्या बारीक झालेल्या असतील, आणि कुठे जरासे आपटले तरी काळे-निळे डाग पडत असतील. आतल्या आत रक्तातली साखर आणि रक्तदाब चढत असतो, हाडे पोकळ होत असतात, डोळ्यांत मोतीबिंदू धरत असतो. छातीत दबून राहिलेला जुना क्षयही अशा वेळी डोके वर काढतो.

याहून मोठा धोका निराळाच आहे. पुडीवाला पावसाळ्यात येत नाही, पुड्या संपतात, आणि चार दिवसांत माणूस गळून जातो. अंगातले त्राण जाते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, शुद्ध हरपते. प्रसंगी प्राणावर बेतते. लोकांना वाटते रोगानेच उचल खाल्ली. खरे कारण वेगळे आहे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या टोकाशी टोपीसारखी एक लहान ग्रंथी बसलेली असते. ती रोज, मुख्यतः पहाटे, कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात सोडते. ताप, जखम, उपास, भीती, कोणताही ताण आला की ती अधिक सोडते, म्हणून माणूस तग धरतो. स्टेरॉईडची गोळी म्हणजे याच द्रव्याची बाहेरून आणलेली भर. साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे शरीर दिवसभरात स्वतः करते त्याच्या आसपासचे प्रमाण. आता शेतातली गोष्ट घ्या. कालव्याचे पाणी सुरू झाले की आपण घरच्या विहिरीची मोटार लावीत नाही. दोन-चार हंगाम गेले की विहिरीत गाळ साचतो, मोटार गंजते. मग एके दिवशी कालवा बंद झाला तर ऐन उन्हात उभे पीक वाळते. तीन आठवड्यांहून अधिक दिवस बाहेरून स्टेरॉईड मिळाले की ही ग्रंथी तशीच सुस्तावते. तिला पुन्हा चालू व्हायला आठवडे लागतात, महिने लागतात, काहींना वर्षही लागते.

म्हणून गोळी सोडायची ती पायरी-पायरीने. मोठ्या मात्रेवरून खाली येताना डॉक्टर जरा भरभर आणतात. पण रोजच्या ५-७ मिलिग्रॅमपाशी आल्यावर चाल मुंगीची होते. या टप्प्यावर पुष्कळांचा धीर सुटतो. अंग ठणकते, उठवत नाही, मन उदास राहते, आणि वाटते की रोग परतला. तो परतलेला असेलच असे नाही. सांधे सुजले असतील, सकाळचा ताठरपणा पुन्हा तासभर राहत असेल, तर रोग जागा झाला असण्याचा संभव जास्त. नुसता अंगाचा ठणका आणि थकवा असेल, तर बहुधा ग्रंथी अजून पुरती सावरलेली नाही. हा फरक रोजच्या रोज वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे धरा. मनानेच मात्रा वाढवू नका आणि कमीही करू नका. पुडी खाल्ली असेल तर तेही न लाजता सांगा. शक्य झाल्यास पुडीच सोबत न्या.

आमवाताला खरा आवर घालणारी औषधे निराळी आहेत. त्यांत मेथोट्रेक्सेट हे मुख्य. त्याचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, आणि तेवढ्या काळासाठी स्टेरॉईडचा टेकू दिला जातो. टेकूलाच खांब समजले की घोटाळा होतो. या मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट घरातल्या सर्वांनी पाठ करावी : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलते, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. आमची सूचना अशी, की गावचा आठवडी बाजाराचा वार हाच गोळीचा वार ठरवावा, म्हणजे चुकायचे कारण नाही. तिच्या जोडीला डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, ते वगळू नये. रक्ततपासणी टाळू नये. दारू वर्ज्य. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण गर्भाला हे औषध घातक आहे. नव्या सुनेला हे विचारायला संकोच वाटेल, तेव्हा सासूनेच पुढाकार घ्यावा. विडी ओढणाऱ्याला हा रोग अधिक छळतो, हेही जाता जाता सांगतो.

स्टेरॉईड चालू असेतो गोळी सकाळी, न्याहारीनंतर घ्यावी. रात्री घेतली तर झोप उडते. मीठ बेताचे, म्हणजे लोणचे-पापडाला आवर. हाडांसाठी दूध, ताक, नाचणीची भाकरी, तीळ, आणि अंगावर ऊन. घरचे दूध सगळेच डेअरीला घालू नका, दुखणेकऱ्यासाठी पेलाभर मागे ठेवा. साखर आणि रक्तदाब मधून मधून तपासून घ्यावा. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासावी.

गोळी चालू असताना, आणि सोडल्यावरही वर्षभर, एक चिठ्ठी खिशात किंवा बटव्यात ठेवावी : 'मी स्टेरॉईड घेतो' किंवा 'अमुक महिन्यापर्यंत घेत होतो', औषधाचे नाव आणि मात्रा. जोराचा ताप आला, अपघात झाला, दात काढायचा किंवा शस्त्रक्रिया करायची झाली, तर त्या दिवसांत शरीराला जास्त स्टेरॉईड लागते. डॉक्टरांना ते माहीत असले तरच ते देतील. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा आणि चिठ्ठी आधी दाखवा.

चेहऱ्याची सूज मात्रा उतरली की काही महिन्यांत जाते. मोतीबिंदू औषध थांबवून जात नाही, त्याला शस्त्रक्रिया लागते. औषध लवकर सुरू झाले तर पुष्कळांचा आमवात झोपी जातो आणि बोटे वाकडी होण्याचे टळते. मात्र एकदा वाकलेले बोट गोळीने सरळ होत नाही. म्हणून पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. तोवर सकाळचा पहिला तास तिला कामाला लावू नका. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघड-मीट करू द्या, आणि म्हशीची धार तेवढे दिवस घरातल्या पुरुषाने काढावी.