ख्रिस्ती जीवनातील पश्चात्ताप आणि संतोष : जे. सी. कुमारप्पा यांच्या वर्धा येथील कार्याच्या संदर्भात

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचारात पश्चात्ताप आणि संतोष या दोन्ही संकल्पनांना महत्त्वाचे स्थान आहे. मात्र बहुधा त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला जातो. पश्चात्ताप म्हणजे पापाबद्दल वाटणारे दुःख आणि संतोष म्हणजे प्राप्त परिस्थितीचा निमूट स्वीकार, असे त्यांचे अर्थ रूढ झाले आहेत. ते ग्राह्य मानल्यास पश्चात्ताप भावनेपुरता उरतो आणि संतोष हा दुर्बलांना अन्याय सोसण्यासाठी केलेला उपदेश ठरतो. या दोहोंतील परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनांचे स्वरूप

नव्या करारात पश्चात्तापासाठी ‘मेतानोइया’ हा ग्रीक शब्द येतो. मनाचा पालट हा त्याचा अर्थ होय. मराठी शब्दात मागाहून होणाऱ्या तापावर भर आहे, तर ग्रीक शब्दात वळण्यावर. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात पश्चात्तापाला शोभणारी फळे कोणती, हे बाप्तिस्मा करणारा योहान सांगतो. दोन अंगरखे असणाऱ्याने एक नसणाऱ्यास द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायाने धाक दाखवून पैसे उकळू नयेत आणि आपल्या वेतनात तृप्त असावे.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. संतोष हे पश्चात्तापाचे फळ म्हणून सांगितले आहे. शिवाय हा उपदेश लुटल्या जाणाऱ्यास नसून ज्याच्या हाती लुटण्याचे सामर्थ्य आहे त्यास आहे. याच शुभवर्तमानातील जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवितो. संत पौल बंदिवासातून फिलिप्पैकरांस लिहिताना तृप्त राहण्यास आपण शिकलो असल्याचे सांगतो. म्हणजेच संतोष हा जन्मजात स्वभाव नसून अभ्यासाने साध्य होणारा गुण आहे.

वर्धा येथील उदाहरण

या विचाराचे आचरणातील उदाहरण वर्धा येथे आढळते. तंजावर येथे 1892 मध्ये एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले जोसेफ कुमारप्पा हे लंडनमध्ये प्रशिक्षण घेतलेले सनदी लेखापाल होते. अमेरिकेत सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करताना ब्रिटिश राजवटीतील करव्यवस्था आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध त्यांना उमगला. 1929 मध्ये ते महात्मा गांधींना भेटले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस म्हणून त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशीपालन अशा उद्योगांचे कार्य उभे केले.

‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळातील कारावासात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या आचार-उपदेशांवर, तर दुसरे शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्ही 1945 मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी परोपजीवी व लुटारू व्यवस्थांपासून सेवाधिष्ठित व्यवस्थेपर्यंतच्या पायऱ्या मांडल्या आहेत. आपण वापरतो ती वस्तू कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या परिस्थितीत तयार झाली, याची जबाबदारी वापरणाऱ्यावरही येते, असा त्यांचा आग्रह होता. या भूमिकेत गरजांची मर्यादा ही केवळ वैयक्तिक विरक्ती राहत नाही; ती दुसऱ्याचा हिस्सा न घेण्याची रीत ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पश्चात्तापाशिवाय संतोष म्हणजे आत्मतुष्टता होय आणि संतोषाशिवाय पश्चात्ताप निष्फळ होय. ज्यास पोटापुरते मिळत नाही, त्यास संतोषाचा उपदेश करणे योहानाच्या शिकवणीशी सुसंगत नाही. तो उपदेश प्रथम वेतन, पद व अधिकार प्राप्त झालेल्या वर्गास लागू पडतो. सुशिक्षित वर्गाने, अध्यापकांनीही, त्याचा विचार याच दृष्टीने करणे आवश्यक आहे.