रेबीजच्या विषाणूची उसनी वाट

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून असतात, की रक्तातली बहुतेक औषधं दारातच अडतात. ग्लुकोजला आत न्यायला वाहक प्रथिनं आहेत. औषधाला कोण विचारतो? रेबीजचा विषाणू मात्र चेतापेशींवरच्या अ‍ॅसिटिलकोलिन ग्राहकाला चिकटतो आणि मज्जातंतूंमधून मेंदू गाठतो. 2007 मध्ये संशोधकांनी त्याच्या आवरणातल्या प्रथिनाचा 29 अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, उचलला. (एवढ्याशा तुकड्याने रेबीज होत नाही.) त्याच्या शेपटाला आर्जिनिन नऊ वेळा जोडलं. आर्जिनिनवर धनभार, आरएनएवर ऋणभार; त्यामुळे जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची जनुकं गप्प करणारे आरएनएचे तुकडे त्याला आपसूक चिकटले. हे मिश्रण शिरेतून दिल्यावर या विषाणूची लागण केलेले सुमारे 80 टक्के उंदीर वाचले.

अर्थात उंदरांवरून माणसापर्यंतची मजल लांबची. रक्तातली विकरं पेप्टाइड चटकन तोडतात, म्हणून कुणी त्याचं कडं करतं, कुणी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी अमिनो आम्लं वापरतं. पकडही बेताचीच हवी. वाहिनीच्या पेशींवरच्या ग्राहकाला फार घट्ट धरलं, तर पलीकडे सुटायचं सोडून औषध तिच्या भिंतीतच अडकून बसतं.