मॅडम पिन्सच्या नाकावर टिच्चून

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतली ग्रंथपाल मॅडम पिन्स ही बाई कुणाला आवडावी अशी नाहीच. पुस्तकांवर गिधाडासारखी नजर, आणि पान जरा मळलं की अंगावर धावून येणार. पाचव्या भागात हॅरी ग्रंथालयात चॉकलेट खाताना सापडतो, तर ती त्याला हाकलूनच लावते. तिच्याकडे एक निषिद्ध विभागही आहे. शिक्षकाच्या सहीची चिठ्ठी नसेल तर तिथल्या पुस्तकाला हात लावायचा नाही. ब्रिटन-अमेरिकेतले खरेखुरे ग्रंथपाल मात्र गेली पंचवीसेक वर्षं याच पुस्तकांच्या नावानं जे काही करतात, ते बाईंनी पाहिलं असतं तर भोवळच आली असती. बालविभागात आरडाओरडा, खाणंपिणं, टेबलांवर सांडलेले रंग आणि या सगळ्याच्या मधोमध टोकदार टोपी घालून स्वतः ग्रंथपालच उभ्या.

ग्रंथालयातल्या या हॅरी पॉटर संध्याकाळची तयारी बरीच आधी सुरू होते आणि ती बहुतेक स्वस्तातली असते. साधे कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले की जुनाट पिवळट दिसतात. त्यांवर हिरव्या शाईत आमंत्रण लिहायचं, कारण हॅरीला हॉगवर्ट्सहून, म्हणजे त्याच्या जादूच्या शाळेतून, आलेल्या पत्रावरचा पत्ताही हिरव्या शाईतलाच होता. जादूच्या छड्या म्हणजे चायनीज खाण्याच्या काड्या. त्यांच्यावर ग्लू गननं गोंदाचे वळसे द्यायचे, वरून तपकिरी रंग फासायचा. मग हॉगवर्ट्ससारखे तास भरतात: काळ्या मंत्रविद्येपासून बचावाचा तास, वनस्पतींचा तास (कुंडीत बी पेरा आणि घरी न्या), औषधी काढ्यांचा तास. काढ्यांच्या तासाला लाल कोबी उकळलेलं जांभळं पाणी असतं. त्यात व्हिनेगर टाकलं की ते गुलाबी होतं, खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं. आम्ल आणि आम्लारी कळायला शाळेत जे प्रकरण लागतं, ते इथे झगा घातलेल्या पोरांना पाच मिनिटांत कळतं, आणि वर आणखी एकदा करू द्या म्हणून हट्टही होतो. काही ठिकाणी जखमी शिकारी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रातून जिवंत घुबड आणतात. ते आलं की बाकी सगळे तास ओस पडतात.

पण मला यातला सर्वांत अक्कलहुशारीचा भाग वाटतो तो कपाटांमधला शोध. पहिल्या चिठ्ठीत विचारलेलं असतं, घुबडं कुठे राहतात? मुलं आधी खिडकीबाहेर बघतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ग्रंथालयात घुबडं ५९८ क्रमांकाच्या फळीवर राहतात, कारण ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात पक्ष्यांचा आकडा तोच. तिथल्या पुस्तकात पुढची चिठ्ठी. ती ५२० वर पाठवते, म्हणजे खगोलशास्त्र. तिथून ३९८.२, लोककथा. शेवटी १३३.४, चेटूक आणि जादूटोणा. एरवी हे आकडे पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेले असतात आणि मुलांच्या दृष्टीनं त्यांना काडीचाही अर्थ नसतो. त्या संध्याकाळी मात्र कुठली फळी कशाची हे पायांना ठाऊक होतं. टोप्या आणि छड्या हे आमिष. गळ तो हा.

या मालिकेचं आणि ग्रंथालयांचं नातं तसं पहिल्या दिवसापासूनचं. २६ जून १९९७ रोजी ब्लूम्सबरी या प्रकाशन संस्थेनं पहिला भाग काढला तेव्हा पक्क्या बांधणीच्या फक्त ५०० प्रती छापल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे ३०० थेट ग्रंथालयांत गेल्या. म्हणजे लेखिकेचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा या बांधणीतलं पुस्तक विकत घेणारी मुलं मोजकी, फुकट वाचणारी जास्त. त्याच प्रती, ग्रंथालयाचे शिक्के आणि परतीच्या तारखांसकट, आज लिलावात हजारो पौंडांना जातात. संग्राहकांना एरवी शिक्का म्हणजे डाग वाटतो. इथे त्याच्याकडे काणाडोळा होतो.

मध्यरात्रीच्या प्रकाशनाचे सोहळे २००० पासून सुरू झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्लूम्सबरीनं ‘हॅरी पॉटर बुक नाइट’ आखली आणि पुढची काही वर्षं ती फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी होत असे. शाळा, ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं, जो नाव नोंदवेल त्याला खेळ, कोडी आणि निमंत्रणपत्रिकांचा संच मोफत मिळायचा. प्रकाशकाचा हेतू उघड आहे, तो लपवण्यातही अर्थ नाही. पण ज्या ग्रंथालयाच्या कार्यक्रमांना फारसा पैसा नाही, त्याला आयता संच नको कशाला?

विरोधही झाला, आणि तोही जोरदार. २००० साली फ्लोरिडातल्या जॅक्सनविल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानं चौथा भाग वाचून पूर्ण करणाऱ्या मुलांना हॉगवर्ट्सचं प्रशस्तिपत्र द्यायला सुरुवात केली. सातशेच्या वर पानांचा ठोकळा वाचलेल्या पोराला कागदाचा एक तुकडा, इतकंच. सरकारी पैशानं चेटूकधर्माचा प्रचार चाललाय, अशी तक्रार आली, खटल्याची धमकी आली आणि ग्रंथालयानं प्रशस्तिपत्रं बंद केली. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप याच मालिकेवर नोंदले गेलेत.

आर्कान्सामधल्या सीडरव्हिलची कथा तर मॅडम पिन्सनाच सुचावी अशी. तिथल्या शाळा मंडळानं २००२ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की शाळेच्या ग्रंथालयातली ही पुस्तकं उघड्या फळीवर ठेवायची नाहीत. पालकांच्या सहीची चिठ्ठी आणेल त्यालाच द्यायची. निषिद्ध विभागाचं पुस्तकच निषिद्ध विभागात! ज्यांना पुस्तक नको होतं त्यांनी ते वाचलंच नसणार, नाहीतर आपण कुणाची नक्कल करतोय हे त्यांना कळलं असतं. पुढच्याच वर्षी संघराज्याच्या न्यायालयानं पुस्तकं पुन्हा फळीवर ठेवायचा आदेश दिला.

दुसऱ्या बाजूनं वॉर्नर ब्रदर्सचे वकील. चित्रपटांचे आणि नावांचे हक्क त्यांच्याकडे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या गावोगावच्या हॅरी पॉटर उत्सवांना त्यांनी चाप लावला. तिकीट लावून धंदा करत असाल तर हॉगवर्ट्सचं नाव वापरू नका, असं बजावलं. ग्रंथालयांना त्याची फारशी झळ लागू नये, कारण त्यांच्याकडे तिकीटच नसतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि टोप्या, कोबीचं पाणी, घुबड, सगळंच बाद झालं. तेव्हा पेन्सिल्व्हेनियातल्या पीटर्स टाउनशिप सार्वजनिक ग्रंथालयात मुलांचा विभाग सांभाळणाऱ्या ग्रंथपालानं घरबसल्या एक गोष्ट केली. गुगल फॉर्म्समध्ये, म्हणजे ज्यात आपण सोसायटीच्या सभेची हजेरी नाहीतर लग्नाच्या जेवणाची संख्या मागवतो त्यात, तिनं हॉगवर्ट्सची बंद खोली रचली. तुम्ही पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, कोडी सोडवा आणि दार उघडा. उत्तर चुकलं की फॉर्म पुढे सरकत नाही. साधा फॉर्म. तरी दुवा हातोहात जगभर गेला, आणि इतर ग्रंथालयांनी आपापल्या खोल्या त्याच साच्यात ओतल्या.

एवढं करून मुलं वाचतात का? आलेल्यांपैकी बरीच पोरं सिनेमाच पाहून आलेली असतात हे ग्रंथपालही मान्य करतील. त्यांना टोपी हवी असते, पुस्तक नव्हे. माझं म्हणणं एवढंच की सिनेमा बघून आलेलं मूल ५९८च्या फळीपर्यंत तरी पोचलं. आपल्याकडे ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून पुढचे भाग मंजुळ प्रकाशनानं मराठीत आणलेत, आणि आपल्या ज्या ग्रंथालयांत ड्यूईची पद्धत आहे तिथेही घुबडं ५९८वरच राहतात. चहाचं पाणी तर आपल्याकडे कधीच कमी नसतं.

आता तिकडे मालिकेभोवतीचं वातावरण पूर्वीचं राहिलेलं नाही. लेखिका रोलिंगबाईंच्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या विधानांनी अनेक चाहते दुखावले, सिनेमातल्या मुख्य नटांनी जाहीरपणे वेगळी भूमिका घेतली. पुस्तकात झाडूवर उडत खेळल्या जाणाऱ्या आणि चाहत्यांनी जमिनीवर आणलेल्या क्विडिच खेळाच्या संघटनांनी २०२२ मध्ये खेळाचं नावच क्वाडबॉल करून टाकलं. काही ग्रंथपालांनीही ही संध्याकाळ बंद केली किंवा ती दुसऱ्या मालिकेला दिली. पर्सी जॅक्सनला बरीच मागणी आहे. तिथे टोकदार टोप्यांऐवजी त्या गोष्टींतल्या शिबिराचे नारिंगी टी-शर्ट असतात आणि कपाटांमधला शोध २९२पासून सुरू होतो. ग्रीक-रोमन पुराणकथा तिथेच सापडतात.